साखळीचं तेल आणि भिलाईचे चार दिवस

पौषातल्या एका शुक्रवारी, झुंजुमुंजू व्हायच्या वेळेला मी नागपूर सोडलं. मोटरसायकल माझी स्वतःची होती. महायुद्धानंतर फौजेच्या लिलावात निघालेल्या गाड्यांचे तुकडे मी भंगारवाल्यांकडून गोळा केले आणि दोन वर्षं खपून ही एक उभी केली. मागच्या कॅरिअरवर संत्र्यांची करंडी बांधली होती. पिशवीत माझी बायको सुभद्रा हिनं दिलेल्या सांबारवड्या (कोथिंबिरीच्या वड्या) होत्या. आदल्या संध्याकाळी गाडीची साखळी उतरवून मी ती माझ्या काढ्यात बुडवून काढली होती.

या काढ्याबद्दल आधी सांगायला हवं. मी नागपुरात एका बस डेपोत हेडमिस्त्री होतो. घट्ट ग्रीस आणि इंजिनातलं जळकं तेल स्टोव्हवर एकत्र वितळवायचं, त्यात साखळी सोडायची आणि निथळू न देता तशीच चढवायची, ही माझी रीत. डेपोतली पोरं तिला ‘किसनचा काढा’ म्हणत. साखळीवर बोटभर थर बसला की मला गाडी नीट जेवल्यासारखी वाटे.

ज्याच्याकडे मी निघालो होतो तो श्रावणही हा काढा माझ्याकडूनच शिकला होता. वयानं माझ्याहून आठ वर्षांनी लहान, आमच्याच वस्तीतला. दीक्षेच्या दिवशी पांढऱ्या कपड्यांत आमची दोन्ही घरं एकत्र चालत गेली होती. पुढे भिलाईच्या कारखान्याच्या भरतीचा कागद आम्हा दोघांनाही आला. मी गेलो नाही. रानात तंबू ठोकून राहायचं आणि नवशिक्यांच्या रांगेत उभं राहायचं, हे हेडमिस्त्रीला कसं शोभणार? श्रावणलाही मी हसलो होतो. तो मात्र गेला, आणि आता त्याची पत्रं येत. क्वार्टर मिळालं. घरात नळ आला. मोटरसायकल घेतली, कोरी. शेवटच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं की त्यांच्या विभागात फिटरच्या जागा निघणार आहेत, उस्तादांनी एकदा येऊन पाहून जावं, मी साहेबांजवळ शब्द टाकतो. सुभद्रेनं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मला जायचं नव्हतं, आणि पाहिल्याशिवाय राहवतही नव्हतं.

भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा नदीवर अजून धुकं होतं. साकोलीला चहा घेतला. देवरीच्या पुढे रस्ता जंगलात शिरतो. डांबराची पट्टी अरुंद, आणि दोन्ही बाजूंना मुरूम. समोरून लोखंडी गर्डर लादलेले ट्रक येत. त्यांना वाट द्यायची म्हणजे मुरमात उतरायचं, आणि प्रत्येक वेळी धुळीनं न्हाऊन निघायचं. अशा दहा-बारा मैलांतच साखळी कुरकुरायला लागली. पुढे कुरकुरीची कटकट झाली. जंगलात पक्षी असतीलही. मला माझ्या साखळीशिवाय काही ऐकू आलं नाही.

राजनांदगावला थांबलो. एका टपरीवर गरम चीले (तांदळाच्या पिठाची धिरडी) आणि पतालची (टोमॅटोची) चटणी खाल्ली. शेजारीच सायकलचं दुकान होतं. साखळी ढिली होऊन कव्हरला घासत होती म्हणून मी चाक मागे ओढून ती ताणून घेतली. दुकानातला म्हातारा मिस्त्री पाहत होता. त्यानं साखळीवरून बोट फिरवलं, चिमटीत काळा लगदा चोळून पाहिला आणि म्हणाला, “ग्रीस ह धुर्रा ला धरथे, भैया. तेल डार.” (ग्रीस धूळ धरून ठेवतं, तेल घाल.) सायकल दुरुस्त करणाऱ्यानं मला शिकवावं याचा मला राग आला. मी त्याला एक संत्रं दिलं आणि निघालो.

दुर्ग मागे पडल्यावर आधी धुराडी दिसली, मग क्रेन. जमीन लाल, हवा लाल. एक भट्टी पेटलेली होती आणि बाकीचा कारखाना रशियनांच्या मदतीनं अजून वर येत होता. रस्त्याकडेला डोक्यावर घमेली घेतलेल्या बाया ओळीनं चालल्या होत्या. त्यांच्या मागून एक गोरी रशियन बाई, डोक्याला रुमाल बांधून, पिशवीत फुलकोबी घेऊन निवांत जात होती. सेक्टरातले रस्ते मात्र सरळ, आखलेले. नुकत्याच लावलेल्या झाडांना पत्र्याचे पिंजरे होते.

श्रावण दारातच उभा होता. “जय भीम, उस्ताद!” म्हणून त्यानं मला मिठी मारली. माझ्या कपड्यांची धूळ त्याच्या पांढऱ्या शर्टाला लागली. त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याची बायको कौसल्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. चार वर्षांची मंदा आईच्या पदराआडून पाहत होती. आमच्याशी मराठीत बोलली आणि शेजारच्या मुलीशी लगेच हिंदीत.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण. अंगणात पपई. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. मी हात धुवायला गेलो तर नळाला धो धो पाणी. नागपूरला सुभद्रा पहाटे उठून सार्वजनिक नळावर रांग लावते. तो नळ मी उगाच पुन्हा उघडला आणि बंद केला.

आणि मग ती गाडी. काळी, टाकीवर सोनेरी रेघ. श्रावणनं ती स्टँडवर चढवून मागचं चाक हातानं फिरवलं. चाक फिरत राहिलं, पण आवाज आला नाही. मी वाकून पाहिलं. साखळी बाहेरून कोरडी, स्वच्छ, जवळजवळ पांढरी दिसत होती.

“काही लावत नाहीस वाटतं?” मी विचारलं.

तो हसला. लावतो, म्हणाला, रविवारी दाखवतो. त्या हसण्यात काहीच वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. त्या संध्याकाळी मात्र मला त्यात सगळंच दिसलं.

शनिवारी त्यानं पास काढून मला कारखाना दाखवला. तो लोखंड लाटायच्या मिलमध्ये लुब्रिकेशनच्या टोळीत होता. म्हणजे कोणत्या बेअरिंगला, कोणत्या दातेरी चाकाला कुठलं तेल, किती आणि केव्हा द्यायचं, हे त्याचं काम. तापलेल्या लोखंडाच्या लांब लाल पट्ट्या रुळांवरून सरकत येत होत्या. आमच्या डेपोतल्या मोठ्यात मोठ्या यंत्राहून तिथला एकेक गिअरबॉक्स मोठा. श्रावण हात लावून सांगत होता: हा जास्त तापतो, याला घट्ट तेल, तो जलद फिरतो, त्याला पातळ. मध्येच एक उंच रशियन इंजिनीअर आला. दुभाष्यामार्फत काही विचारलं, श्रावणनं उत्तर दिलं. जाताना त्या माणसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग श्रावणनं त्याला माझी ओळख करून दिली, “हे माझे उस्ताद.” दुभाष्यानं सांगितल्यावर इंजिनीअरनं माझ्याशी जोरात हात मिळवला. श्रावण मला मोठा करत होता आणि मी आतून लहान होत होतो. भरतीचा कागद मलाही आला होता. हा हात माझ्या खांद्यावर पडू शकला असता.

घरी कौसल्येनं अंगाकर (निखाऱ्यावर भाजलेली तांदळाची जाड भाकर) आणि तिवऱ्याची भाजी केली होती. शेजारच्या छत्तीसगढी बाईनं शिकवलं, म्हणाली. तिवरा म्हणजे आपली लाखोळीच, लाखेच्या डाळीचा कोवळा पाला. भाजी उत्तम होती. मी दोनदा मागून घेतली आणि मनात म्हटलं, सुभद्रेच्या हातची याहून बरी होते. ते खरं नव्हतं.

रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून आम्ही बसलो. श्रावणनं दोन्ही गाड्यांच्या साखळ्या उतरवल्या आणि रॉकेलनं भरलेली दोन घमेली समोर ठेवली. एकात त्याची साखळी, दुसऱ्यात माझी. कुंपणापलीकडचे सरदारजी आणि त्यांचा मल्याळी सोबती, दोघेही गाडीचे शौकीन, चहाचे पेले घेऊन आले. श्रावणनं ब्रशनं एकेक कडी घासली. मग साखळ्या बाजूला काढून रॉकेल थोडा वेळ स्थिर होऊ दिलं. त्याच्या घमेल्याच्या तळाशी थोडी काजळी जमली होती. माझ्या घमेल्यात लाल रेतीचा थर बसला होता, नदीतळाशी असावा तसा. ती रेती एवढे मैल माझ्या साखळीला आतून कापत होती. श्रावणनं माझी साखळी आडवी धरली तेव्हा ती मधोमध लोंबली. त्याची सरळ राहिली.

श्रावण सांगत होता, आणि मला ऐकावंच लागत होतं. इथे आल्यावर आधी त्यानंही काढाच वापरला. या धुळीत तीन महिन्यांत साखळी वाया गेली. मग नुसतं जळकं तेल लावून पाहिलं. त्यातच इंजिनाची काजळी आणि बारीक लोखंड असतं. शिवणयंत्राचं तेल घातलं, तर ते चाक फिरताच उडून शर्टावर. शेवटी दुर्गच्या बाजारातून गिअरबॉक्सचं नव्वद नंबरचं तेल आणलं. तेच टिकलं.

“उस्ताद, झिजते ते आत, रोलर अन् पिनीच्या मधात,” तो म्हणाला. “ग्रीस थंडं झालं की बाहेरच बसते अन् रेती धरून ठेवते. तेल आत जाते. बाहेरचं मंग पुसून टाकायचं.”

सरदारजींनी मान डोलावली. मल्याळी गृहस्थांनी मला विचारलं, यांना हे तुम्हीच शिकवलं काय? श्रावण पटकन म्हणाला, सगळं यांनीच शिकवलं. सगळ्यांना ठाऊक होतं की हे त्यानं माझ्याकडून शिकलेलं नाही. समोर घमेल्यात रेती होती.

साखळ्या फडक्यानं पुसून उन्हात वाळवल्या. श्रावणनं तेलाची वाटी कोमट केली. आतल्या बाजूनं प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडला, तेल मुरू दिलं आणि बाहेरचं तेल कोरड्या फडक्यानं पार निपटून घेतलं. आधी त्यानं माझी साखळी चढवली. मग स्वतःची.

साखळीची दोन टोकं एका जोडकडीनं जोडतात आणि त्या कडीवर माशाच्या आकाराची एक छोटी पत्ती बसवतात. तिला आम्ही लॉक म्हणतो. नियम साधा आहे. माशाचं तोंड साखळी धावते त्या बाजूला, फाटकी शेपटी मागे. उलटी बसवली तर एखाद्या धक्क्यानं पत्ती निसटते आणि साखळी सुटते. हे मात्र श्रावण नक्की माझ्याकडूनच शिकला होता.

सरदारजींच्या कुठल्याशा प्रश्नाला उत्तर देता देता त्यानं स्वतःच्या साखळीवर पक्कड दाबली आणि पत्ती बसली, शेपटी पुढे करून.

मी चाक धरून बसलो होतो, हातभर अंतरावर. मला ती स्पष्ट दिसली. तोंड उघडलं असतं तर सकाळपासून गेलेलं सगळं त्या एका वाक्यानं परत आलं असतं. शिष्याची चूक उस्तादानं पकडली, असं सगळ्यांसमोर झालं असतं. पण मला तेवढं पुरत नव्हतं. ती पांढरी, मुकी साखळी कधीतरी रस्त्यात पडावी, तिच्या मालकानं गाडी ढकलत घरी यावं आणि पुन्हा कोणाला तेलाचं ज्ञान सांगू नये, असं मला वाटलं. मी चाक सोडलं आणि हात पुसले.

जेवणं झाल्यावर श्रावण म्हणाला, दुर्गजवळ शिवनाथ नदीचं पात्र दाखवतो, सगळेच जाऊ. हे माझ्या हिशेबात नव्हतं. त्यानं मंदाला टाकीवर बसवलं. कौसल्या निळी साडी सावरून मागे बसली. मी माझी गाडी त्यांच्या मागे घेतली.

मैलभर मी फक्त त्या साखळीकडे पाहत होतो. आता सांगू, पुढच्या वळणावर सांगू. पण सांगायचं म्हणजे इतका वेळ का सांगितलं नाही, हेही सांगावं लागणार. एकदा वेग वाढवून मी त्यांच्या बरोबरीला आलो. श्रावणला वाटलं मी शर्यत लावतोय. तो हसला, मंदानं मला हात केला. समोरून ट्रक आला म्हणून मी मागे झालो. आता पुढच्या मोरीच्या पुलाशी गाठून थांबवायचंच, असं ठरवलं.

मोरीच्या अलीकडेच ते झालं. त्याच्या गाडीतून एकदम खडखडाट आला आणि मागचं चाक जाम झालं. गाडी आडवी घसरत गेली. श्रावणनं हँडल सोडलं नाही. रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगावर त्यानं ती घातली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला. मी गाडी टाकून धावलो. मंदा बापाच्या छातीशी होती, रडत होती, पण तिला खरचटलंही नव्हतं. कौसल्या मुरमावर बसली होती. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला होता आणि कोपराशी खोल जखम होती. ट्रकच्या ड्रायव्हरनं आपला गमछा फाडून तिला बांधला आणि तिघांना ट्रकमधून दवाखान्यात सोडलं. मी मागून गेलो.

कौसल्येला आत टाके घालत होते. श्रावण बाहेर बाकावर बसला होता. मंदा त्याच्या मांडीवर झोपली होती. त्याच्या कुडत्यावर रक्त होतं. मी शेजारी बसलो. तो स्वतःशीच बोलावं तसा म्हणाला, “लॉक उलटा बसला असन. बोलता बोलता माह्यं ध्यान नव्हतं. माहीच चुकी हाये.”

हे असंच राहू देता आलं असतं. त्यानं मला कधी विचारलं नसतं.

“मले दिसला होता,” मी म्हणालो.

त्यानं मान वळवली. “कवा?”

“तू बसवून राहिला होता तवा.”

त्यानं मंदाचं डोकं मांडीवर नीट घेतलं. मग हळू आवाजात, पोरीची झोप मोडू नये म्हणून, त्यानं विचारलं, “मंग कावून नाही बोलले?”

“तुह्यावर जळून राहिलो होतो,” मी म्हणालो.

कौसल्या हाताला पट्टी बांधून बाहेर आली. ते तिघं सायकलरिक्षानं घरी आले, मी माझ्या गाडीवर मागून. त्यानं तिला ते वाटेत सांगितलं का घरी पोचल्यावर, मला माहीत नाही. पण संध्याकाळी शेजारच्या बाईनं रांधलेलं जेवण कौसल्येनं उजव्या हातानं मला वाढलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तिनं वर पाहिलं नाही. “घ्या भाऊजी,” एवढंच म्हणाली.

सोमवारी श्रावणची पहिली पाळी होती. उजाडताना तो कामावर जायला तयार होऊन अंगणात आला. मी करंडी बांधत होतो. त्याच्या हातात तेलाची छोटी बाटली होती. ती त्यानं माझ्या पिशवीत ठेवली आणि सरळ माझ्यासमोर उभा राहिला.

“उस्ताद, सायबाजवळ तुमचं नाव घेणार होतो. आता नाही घेत.” त्याचा आवाज चढला नव्हता. “आमच्या तिथं एकाले दिसलं अन् तो बोलला नाही, तर दुसरा माणूस मरते. तुमच्या हाताले मी वळखतो. पण तुमच्या जबानची हमी मी देऊ शकत नाही.”

मी बरं म्हणालो. तो पुढे म्हणाला की चहा केला आहे, घेऊन जा. इतक्या सकाळी राजनांदगावच्या आधी कुठं धड चहा मिळत नाही. मग कामावर निघून गेला. तेव्हापर्यंत रस्त्यावर सायकलींची रांग लागली होती, शेकडो माणसं एकाच दिशेनं. त्यातला श्रावण कोणता, ते मला थोड्याच वेळात ओळखू येईना.

परतीच्या वाटेवर राजनांदगावला थांबलो नाही. नदी-नाले, जंगल, चिचोला गावापुढचा चढ, सगळं उलट क्रमानं आलं. साखळीचा आवाज नव्हता. देवरीच्या जंगलात पोपटांचा थवा डोक्यावरून कलकलाट करत गेला, तो मला पुरता ऐकू आला. धूळ तेवढीच होती. साकोलीला उतरून मी साखळीवरून बोट फिरवलं. बोटाला कोरडी धूळ लागली, ती फुंकरीनं उडाली. त्याचं तेल माझ्या काढ्यापेक्षा चांगलं होतं, यात काही शंका उरली नव्हती.

घरी पोचलो तेव्हा सुभद्रा दाराशी तांदूळ निवडत होती. तिनं आधी नळाचं विचारलं. खरंच घरात आहे काय? मी म्हणालो, आहे, चोवीस तास. मग तिनं फिटरच्या जागेचं विचारलं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि घमेल्यापासून श्रावणच्या नकारापर्यंत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. तिनं सूप खाली ठेवलं. कौसल्येचा हात आता कसा आहे, एवढं विचारून ती उठली आणि आत गेली. थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, “बराबर बोलला तो.”

कौसल्येचा हात बरा झाला. तसं पत्र आलं, चार ओळींचं. मी डेपोत काढा बंद केला आणि का बंद केला तेही पोरांना सांगितलं. भिलाईला पुन्हा गेलो नाही. श्रावणचा हेवा गेला म्हणावं तर तसंही नाही. पण आता तो नळाचा नाही, नव्या गाडीचा नाही, त्या रशियनाच्या हाताचाही नाही. ज्या माणसानं त्याला काम शिकवलं, त्याच्यासमोर सकाळच्या उजेडात उभं राहून, डोळ्याला डोळा देऊन, तो जे पटलं ते बोलला. मला त्या अंगणात पाच शब्द बोलायचे होते, आणि ते मला जमले नाहीत. त्याला जमलं, याचा मला अजून हेवा वाटतो.